अंगण वाकडंच होतं

जुन्या स्पोर्ट्स कारची परीक्षणं वाचताना मला लग्नाच्या स्थळांची वर्णनं आठवतात. 'मुलगा जरा तापट आहे, पण मनाने निर्मळ.' 'त्याला समजून घेणारी हवी.' आपल्याकडे या वाक्यांचा अर्थ लहान पोरालाही कळतो: हा माणूस जेवणाचं ताट भिरकावतो. आता ही दुसरी वाक्यं बघा. 'ही गाडी आदर मागते.' 'तिच्याशी सूर जुळायला वेळ लागतो.' 'कसलेल्या हातांना ती भरभरून देते.' पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या कौतुकात अशी वाक्यं इतकी सहज येतात की आपण त्यांच्यापाशी थांबत नाही. मी थांबते, कारण माझं कामच ते आहे.

मी गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करते. मूळची चिंचवडची, आता बरीच वर्षं कॉव्हेंट्रीत. स्प्रिंगा, डॅम्पर, रबरी बुश बदलत बसायचं आणि गाडी वळणावर काय करते ते मोजायचं, असं दिवसभराचं काम. इंग्लंडच्या या मधल्या पट्ट्यातले गाड्यांचे बरेच कारखाने बंद पडले, पण त्या गाड्या बनवणारी आणि सांभाळणारी माणसं अजून गल्लोगल्ली आहेत. तुम्हाला बॉल जॉइंट ढिला झालेला हाताने ओळखता येतो असं एकदा कळलं की लोक आपणहून चावी पुढे करतात. त्यामुळे शाळेत असताना रद्दीच्या दुकानातल्या ब्रिटिश मासिकांत ज्या गाड्या नुसत्या वाचल्या होत्या, त्यातल्या काही मला खरंच चालवायला मिळाल्या.

वाचलेली जग्वार ई-टाइप अशी होती: मार्च १९६१, जिनिव्हाचं प्रदर्शन. गाडी बघायला इतकी गर्दी, की कारखान्याचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस दुसरी गाडी घेऊन कॉव्हेंट्रीहून रातोरात जिनिव्हाला निघाला. 'ऑटोकार' मासिकाने कमाल वेग मोजला ताशी १५०.४ मैल, 'मोटर'ने १४९.१. म्हणजे साधारण २४० किलोमीटर, तेही १९६१ साली, आणि किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर. ॲस्टन मार्टिनच्या डीबी४ला तेव्हा जवळपास दुप्पट पैसे पडत. जगाने तोंडात बोट घातलं यात नवल नाही.

त्या दोन्ही गाड्या कारखान्याने परीक्षणासाठी निगुतीने तयार करून दिलेल्या होत्या. शोरूममधून घेतलेली ई-टाइप घेऊन कुणी १५० मैल गाठायला गेला तर त्याच्या हाती सहसा निराशाच येई. पण या आकड्यावरून मी भांडणार नाही. २४०ने कोण जातं? गाडी चालवणाऱ्याचं सगळं आयुष्य ३० आणि ११०च्या मधे जातं, आणि मला रस आहे तो तिथे.

आमच्या शेजारच्या गल्लीत एक निवृत्त टूलमेकर राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्याकडे १९६३ची ३.८ लिटरची ई-टाइप तीस वर्षं होती. फॉस वे नावाचा रोमन काळातला रस्ता वॉरिकशरमधून पट्टीने आखल्यासारखा जातो, त्यावर त्यांनी मला पहिल्यांदा ती चालवायला दिली.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. स्टिअरिंगचं चाक मोठं, लाकडी, कडेला बारीक. रस्त्यावरचा खडा हाताला कळतो, पण हिसका बसत नाही. मागचं सस्पेन्शन बॉब नाइट या इंजिनिअरने केलेलं. सगळी जुळणी एका पोलादी चौकटीत बसवून ती चौकट रबरांवर टांगलेली. त्यामुळे गाडी खड्ड्यांवरून अशी जाते की इतक्या नाजूक दिसणाऱ्या गाडीकडून ती अपेक्षाच नसते. या बाबतीत परीक्षणांनी कमीच लिहिलं असं मी म्हणेन.

आता बाकीचं. पहिल्या गियरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गियर टाकलात तर दात खाल्ल्याचा आवाज येतो. बाकीचे गियर टाकताना मधे न्यूट्रलमध्ये थांबून मनात 'एक' म्हणायचं आणि मगच पुढे ढकलायचं. घाई केलीत तर पुन्हा तोच आवाज. नाक इतकं लांब की टी-जंक्शनला डावी-उजवीकडचं दिसायच्या आत नाक रस्त्यात गेलेलं असतं. आणि ब्रेक. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, कागदावर काही कमी नाही. पण पेडल दाबल्यावर लगेच काही होत नाही. आणखी दाबायचं, मग आणखी. पत्र पोस्टाच्या पेटीत टाकून ते पोचेल अशी आशा करावी, तसं. पुढे ट्रॅक्टर वळत होता. मी लवकर दाबला होता, तरी पाठीवरून घाम गेला. शेजारी बसलेले मालक शांतपणे म्हणाले, "पोचतं ते. थोडं आधी टाकायचं."

तेव्हाच्या परीक्षकांना हे दिसलं नव्हतं असं नाही. गियरबॉक्सबद्दलची कुरकुर त्यांनीही केली होती. पण ज्याने आदल्या दिवशी काय चालवलं होतं ते लक्षात घ्या. १९५०च्या दशकातली मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी सिरीज, ही इंग्लंडमधली सभ्य कौटुंबिक गाडी. तुम्ही ती ओळखता. तिचे साचे आपल्याकडे आले आणि ती ॲम्बेसिडर झाली. आता कल्पना करा, की तुम्ही आठवडाभर ॲम्बेसिडर चालवलीत, शनिवारी त्यातून उतरून ई-टाइपमध्ये बसलात, आणि सोमवारी तुम्हाला लेख द्यायचाय. विशेषणं आवरतील का? (गंमत म्हणजे दोघींच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बारच आहेत. लांबचं का होईना, नातं आहे.)

म्हणून माझं मत असं झालंय, की परीक्षणात गाडीचं वर्णन नसतं, दोन गाड्यांमधल्या अंतराचं वर्णन असतं. त्यातली दुसरी गाडी लेखात नसते. साठ वर्षांनी ती दुसरी गाडी भंगारात गेलेली असते, तिची आठवणही गेलेली असते, आणि विशेषण तेवढं उरतं. 'रस्त्याला चिकटून धावते' हे वाक्य आजचा पंचविशीतला मुलगा फोनवर वाचतो, तेव्हा तो त्याची तुलना आईच्या हॅचबॅकशी करतो. त्या हॅचबॅकला रेडियल टायर आहेत, एबीएस आहे. ती ओल्या रस्त्यावर कुठल्याही ई-टाइपच्या आधी थांबेल.

टायरचा विषय निघालाच आहे तर तोही. ई-टाइप कारखान्यातून निघाली ती डनलॉपच्या क्रॉसप्लाय टायरवर. क्रॉसप्लाय टायर रस्त्यावरची प्रत्येक चर, प्रत्येक सांधा पकडून तिकडे जायला बघतो. आज जवळपास सगळे मालक रेडियल घालतात आणि मग म्हणतात, बघा, साठ वर्षांची आहे पण कशी पळते! ती ही गाडी नव्हेच. म्हणजे जुनं परीक्षण आणि आजचं कौतुक, दोन्ही वेगवेगळ्या गाड्यांबद्दल आहेत, फक्त नाव एक.

इथपर्यंत सगळं मजेत चालतं. उशिरा लागणारे ब्रेक, आवाज करणारा गियर, या सवयीच्या गोष्टी आहेत. माझा खरा राग वेगळ्या गाड्यांवर आहे.

ट्रायम्फ स्पिटफायर १९६२ साली आली. मिचेलोत्तीने काढलेली, देखणी, स्वस्त. टॅक्सीलाही लाजवेल इतक्या कमी जागेत वळणारी. तिच्या मागच्या चाकांची रचना स्विंग ॲक्सल प्रकारची. म्हणजे प्रत्येक चाक ज्या दांड्यावर बसवलंय, तो दांडा आतल्या टोकाला, डिफरन्शियलपाशीच तेवढा वाकतो. चाकापाशी वाकत नाही. त्यामुळे गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला की चाक खालून आत वळतं. चालताना पाय मुरगळतो तेव्हा तळवा आत वळतो आणि सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या कडेवर येतो. हुबेहूब तेच. टायर कडेवर उभा राहतो आणि त्याची पकड जाते.

मागचा भाग वर कधी उचलला जातो? वळणात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की. वजन पुढे सरकतं, मागचा भाग हलका होतो. आणि वळणात माणूस पाय कधी काढतो? घाबरला की.

एका जुन्या विमानतळाच्या ओल्या धावपट्टीवर मी हे मुद्दाम करून बघितलं. ताशी साठच्या आसपास, डावं वळण, पाय उचलला. मागचा भाग आधी वर आला. ते पाठीला स्पष्ट कळतं, कुणीतरी खुर्ची मागून उचलल्यासारखं. मग शेपूट गेली आणि गाडी एक पूर्ण गिरकी घेऊन थांबली. काही बिघडलं नाही, कारण धावपट्टीवर आदळायला काही नव्हतं. वॉरिकशरच्या रस्त्यांच्या कडेला ओकची झाडं असतात.

हाच दोष १९५४च्या मर्सिडीझ ३०० एसएलमध्ये होता, पंखासारखी वर उघडणारी दारं असलेली ती. इतिहासातल्या सगळ्यात सुंदर गाड्यांच्या यादीत तिचं नाव नाही असं होत नाही. तिच्या स्विंग ॲक्सलचा उल्लेख बहुतेक वेळा 'मर्यादेपाशी सावध राहावं' इतका. मर्यादेपाशी पोचल्यावर सावध राहून काय करायचं?

त्याच धावपट्टीवर १९६७ची पोर्शे ९११ होती. तिची अडचण निराळी. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं. वजनाचा मोठा हिस्सा शेपटीत. सरळ रस्त्यावर आणि वळणातून बाहेर पडताना ही गाडी विलक्षण आहे. मागची चाकं जमिनीत रोवल्यासारखी पकडतात, आणि स्टिअरिंगइतकं बोलकं मी आजवर काही हातात धरलेलं नाही. मालक शेजारी बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते: पाय उचलू नकोस. वळणात शिरल्यावर काहीही झालं तरी पाय उचलू नकोस. मी दहा-बारा फेऱ्या तसंच केलं, आणि मग त्यांना विचारून एकदा उचलला. दप्तरात विटा भरून पळणाऱ्या पोराने अचानक थांबायचा प्रयत्न करावा, तसं झालं. दप्तर पुढे गेलं, आपण मागे.

गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, या गाडीला ड्रायव्हर लागतो." आणि थोडं थांबून, माझ्याकडे बघून, "मनगट लागतं." सकाळपासून हे मी तिसऱ्यांदा ऐकत होते. माझ्याआधी गिरक्या घेतलेल्या दोन पुरुषांना मनगटाबद्दल कुणी काही म्हणालं नव्हतं.

नाचता येईना अंगण वाकडे, असं आपण म्हणतो. नाचणाऱ्याने कारणं सांगू नयेत, हे ठीक. पण माझ्या धंद्यात अंगण बघावंच लागतं, आणि कधी कधी ते खरंच वाकडं निघतं. घाबरलेला माणूस पाय उचलणार. हा त्याचा दोष नाही, त्याचं शरीर तसं आहे. घाबरून केलेल्या त्या एका हालचालीने गाडी सावरली पाहिजे, निदान आणखी बिघडता कामा नये, हे माझ्या कामाचं पहिलं कलम आहे. ज्या गाड्या नेमक्या त्याच हालचालीची शिक्षा देतात, त्यांच्याबद्दल 'कसलेल्या हातांना भरभरून देते' असं लिहिणं म्हणजे दोष गाडीतून काढून माणसाच्या खात्यात टाकणं. जो रस्त्याबाहेर गेला तो कसलेला नव्हता, संपलं. १९७५ला ९११ची टर्बो आली. २६० अश्वशक्ती, आणि टर्बोची सगळी ताकद वळणाच्या मधेच कधीतरी एकदम येणार. तिला इंग्रजीत जे टोपणनाव पडलं त्याचा अर्थ 'विधवा करणारी'. लोक ते नाव हसत हसत, कौतुकाने घेतात. आजही. त्या नावात जी बाई आहे तिचा विचार कुणी करत असेलसं वाटत नाही.

मग खरं परीक्षण कुठे वाचायचं? माझं उत्तर जरा रुक्ष आहे. सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये. तिथे विशेषणं नसतात. कुठल्या सालापासून कुठला भाग बदलला एवढंच असतं, आणि कारखाना विनाकारण भाग बदलत नाही, त्याला पैसे पडतात.

पोर्शेने सुरुवातीच्या काही वर्षांत ९११च्या पुढच्या बंपरच्या दोन टोकांत बिडाची वजनं बसवली, प्रत्येकी ११ किलो. हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये मुद्दाम २२ किलो बीड! पुढे १९६९च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली. जेमतेम तीन बोटं, पण तेवढ्यासाठी सांगाडा बदलला. मर्सिडीझने १९५७च्या रोडस्टरमध्ये स्विंग ॲक्सलचा सांधा खाली आणला. ट्रायम्फने १९७०च्या स्पिटफायरमध्ये मागची पाटा-स्प्रिंग अशी बदलली की चाक तितकं मुरगळणार नाही. जग्वारने १९६४ साली ४.२ लिटरची ई-टाइप काढली तेव्हा गियरबॉक्स नवा, ब्रेकचा सर्व्हो नवा, सीटही नव्या. ज्याने ज्याने 'आदर मागते' लिहिलं होतं, त्याला कारखान्याने दिलेलं हे उत्तर आहे. आम्हाला माहीत होतं, आम्ही दुरुस्त केलं.

अमेरिकेत राल्फ नेडरने १९६५च्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकात शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या स्विंग ॲक्सलवर पहिलंच प्रकरण लिहिलं. १९७२मध्ये तिथल्या सरकारी तपासणीचा निष्कर्ष आला, की ही गाडी त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. कॉर्व्हेअरचे चाहते हे वाक्य निर्दोष सुटल्यासारखं सांगतात. मला त्यात इतर गाड्यांवरचं आरोपपत्र दिसतं.

पैशांची गोष्ट या सगळ्यावर कडी करते. अगदी सुरुवातीच्या ई-टाइपची जमीन सपाट होती, पाय ठेवायला खोलगट जागा नव्हती. उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागत. वर्षभरात कारखान्याने तिथे खळगा केला. आज बाजारात त्या सपाट जमिनीच्या, म्हणजे गुडघे आपटणाऱ्या गाड्यांना जास्त भाव आहे. दोष दुर्मिळ झाला की त्याचं वैशिष्ट्य होतं. आणि ज्याने एक लाखाहून जास्त पौंड मोजलेत, तो तुम्हाला ब्रेकबद्दल काय सांगणार?

सगळीच परीक्षणं फसवतात असं मात्र नाही. १९६२च्या लोटस एलानबद्दल जे वाचलं होतं ते अक्षरशः खरं निघालं. सातशे किलोही वजन नाही, फायबरग्लासचं अंग, मधे वाकवलेल्या पत्र्याचा एकच कणा. ॲक्सल शाफ्टमध्ये रबराचे जाड सांधे आहेत, क्लच बेतालपणे सोडला की ती उड्या मारते, आणि आत पाऊस येतो. पण वळणात पाय उचला, काही होत नाही. नाक जरासं आत येतं, बस. १९८९मध्ये माझदाने एमएक्स-५ काढली तेव्हा तिच्या इंजिनिअरांपुढे हीच गाडी होती. चालवल्यावर का ते कळतं. मला त्या दिवशी मनगटाबद्दल कुणी काही म्हणालं नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या आजोबांनी ई-टाइप विकायला काढली. डाव्या गुडघ्याला क्लच झेपेना. ऑनलाइन लिलाव होता, आणि नजर अधू झाल्यामुळे वर्णन लिहायला मला बोलावलं. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: स्टिअरिंग उत्तम, बसायला आरामशीर, डावी सिल गंजली होती ती बदलली आहे, पहिला गियर थांबूनच टाकावा, ब्रेक उशिरा लागतात, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावं. लिलाव करणाऱ्यांनी छापलं त्यात शेवटच्या दोन गोष्टींच्या जागी 'त्या सुवर्णकाळाचा अस्सल अनुभव' असं होतं. खाली १५० मैल.

गाडी घेतली ती लीड्सच्या एका तरुणाने. शनिवारी न्यायला आला. ट्रेलर वगैरे नाही, चालवतच जाणार होता. बारीक पाऊस पडत होता. आजोबांनी चावी दिली नाही. त्याला गाडीत बसवून मागच्या औद्योगिक वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर नेलं. मी माझ्या गाडीने मागोमाग गेले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून ओल्या रस्त्यावर ठेवली आणि त्याला सांगितलं, लांबून पन्नासने ये आणि टोपीच्या अलीकडे थांब.

पहिल्या दोन वेळा टोपी चाकाखाली गेली. तिसऱ्या वेळी गाडी टोपीला लागून थांबली. आजोबांनी ती उचलली, झटकली आणि पुन्हा खाली ठेवली. "अजून पाच वेळा," ते म्हणाले.